वायफाय स्कॅनरमध्ये नेटवर्क गायब होतंय, मॅक ॲड्रेस भलताच दिसतोय: नेमकं कुठे बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोनमधलं स्कॅनर ॲप मॅक ॲड्रेस (नेटवर्कवर डिव्हाइस ओळखायचा पत्ता) म्हणून ०२:००:००:००:००:०० दाखवतं, लॅपटॉपवर एकाच जागी बसून कधी एकच नेटवर्क दिसतं तर कधी भरभरून दिसतात, ५ गिगाहर्ट्झवालं नाव मधूनच गायब होतं, आणि राउटरच्या यादीत अधूनमधून एक अनोळखी डिव्हाइस येतं ज्याच्या पत्त्यावरून कुठलीच कंपनी सापडत नाही. कार्ड खराब आहे, टूल चुकतंय की कोणी नेटवर्कमध्ये घुसलंय, हे तुम्हाला कळत नाहीये.

बहुतेक वेळा या तिन्हींपैकी काहीच नसतं. अशा तक्रारी मी रोज सोडवतो आणि पहिली गोष्ट हीच सांगतो की स्कॅनची यादी हवेतून थेट तुमच्या स्क्रीनवर येत नाही. हवेत जे आहे त्यातलं कार्डाला जेवढं ऐकू आलं तेवढं, त्यातलं ड्रायव्हरने जेवढं ठेवलं तेवढं, आणि त्यातलं ऑपरेटिंग सिस्टिमने ॲपला जेवढं बघू दिलं तेवढंच तुम्हाला दिसतं. मग दोन टूल वेगवेगळं सांगत असतील तर कुठलं खोटं बोलतंय हे शोधण्यापेक्षा ते टूल माहिती कुठून घेतंय ते शोधा, निम्मं काम तिथेच होतं.

आधी फोनचं बघू कारण ते सोपं आहे. ०२:००:००:००:००:०० हा कुठल्याच डिव्हाइसचा पत्ता नाही, सिस्टिमने "हे तुला सांगणार नाही" म्हणून दिलेली ठरलेली किंमत आहे ती. आयओएस ७ पासून (२०१३) आणि अँड्रॉइड ६ पासून (२०१५) साध्या ॲपने स्वतःच्या फोनचा मॅक ॲड्रेस मागितला की हेच मिळतं. अँड्रॉइडवर ज्या राउटरला जोडलेले आहात त्याचा बीएसएसआयडी, म्हणजे राउटरच्या रेडिओचा पत्ता, तोसुद्धा लोकेशनची परवानगी नसेल तर असाच येतो. परवानगी दिली पण वरच्या पट्टीतून लोकेशनच बंद ठेवलं तरी तोच प्रकार, हे पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. दोन्ही चालू करा, आणि परवानगी "अचूक लोकेशन"चीच द्या, अंदाजे लोकेशनवर स्कॅन चालत नाही. लोकेशन कशाला लागतं? तर आसपासच्या बीएसएसआयडींवरून माणूस कुठे आहे ते बऱ्यापैकी नेमकं काढता येतं, म्हणून सिस्टिम दोन्हीला एकाच कुलपात ठेवते, आणि ते बरोबरच आहे.

दुसरं म्हणजे अँड्रॉइड ९ पासून (२०१८) स्कॅनवर लगाम आहे, समोर उघडं असलेलं ॲप दोन मिनिटांत चारच स्कॅन करू शकतं आणि मागे चालणाऱ्या सगळ्या ॲप्सना मिळून अर्ध्या तासात एक. त्यापुढे तुम्ही रिफ्रेश कितीही दाबा, ॲप जुनीच यादी परत दाखवतं आणि बघणाऱ्याला वाटतं सिग्नल अगदी स्थिर आहे. घरभर फिरून कुठे किती सिग्नल येतो ते मोजताना याने भयंकर घोळ होतो कारण स्वयंपाकघरात उभं राहून तुम्ही हॉलमधला आकडा वाचत असता. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हा लगाम काढायचा स्विच आहे, मोजमाप करायच्या वेळी लगाम बंद करा आणि काम झालं की परत चालू करा कारण सतत स्कॅन बॅटरी खातं.

आणि नेटवर्कवरची बाकीची डिव्हाइसं दाखवणारी जी ॲप्स असतात, त्यात आधी मॅक ॲड्रेस दिसायचे आणि आता रिकामे दिसतात, तर ॲप बिघडलेलं नाही. अँड्रॉइड १० पासून ॲपला एआरपीची यादी, म्हणजे कुठल्या आयपीचा कुठला मॅक ॲड्रेस ते सांगणारी यादी, वाचता येत नाही, आयफोनवर ते आयओएस ११ पासूनच बंद आहे. हे काम आता फोनवरून नीट होतच नाही, लॅपटॉप घ्या किंवा राउटरच्या पॅनलमध्ये बघा.

आता लॅपटॉप. विंडोजवर नेट-एस-एच (netsh) ही कमांड वापरून नेटवर्कची यादी काढली की ती कमांड स्वतः नवा स्कॅन सुरू करत नाही, आधी झालेल्या स्कॅनमधलं जे शिल्लक असेल ते दाखवते. म्हणून जोडलेलं असताना कधी कधी फक्त तुमचंच एक नेटवर्क दिसतं. कोपऱ्यातल्या वायफायच्या आयकॉनवर क्लिक करून यादी उघडा, थोडं थांबा, मग कमांड परत चालवा, बाकीची येतील. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून इथेही लोकेशनची परवानगी लागते, ती बंद असेल तर कमांड काहीच न देता परवानगी मागते. ॲपलच्या लॅपटॉपवर जुनं एअरपोर्ट नावाचं कमांडवालं टूल मॅकओएस १४.४ पासून काम करत नाही, त्यामुळे जुने लेख वाचून ते शोधत बसू नका, ऑप्शनची कळ दाबून वायफायच्या आयकॉनवर क्लिक केलं की जोडलेल्या नेटवर्कचा बीएसएसआयडी, चॅनल, सिग्नल सगळं दिसतं.

लिनक्सवाल्यांना जास्त त्रास होतो पण तिथे निदान एरर खरं कारण सांगते. आयडब्ल्यू (iw) या कमांडने स्कॅन मागितला आणि "ऑपरेशन नॉट परमिटेड" आलं तर रूट म्हणजे ॲडमिनचे अधिकार नाहीत, कमांडपुढे सुडो लावा. एररचा आकडा उणे १६, म्हणजे "डिव्हाइस बिझी", याचा अर्थ त्याच क्षणी वायफाय सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर किंवा डब्ल्यूपीए सप्लिकंट स्वतःचा स्कॅन करतोय, दोन-चार सेकंद थांबून परत द्या, ड्रायव्हर काढून घालायची काही गरज नाही. उणे १०० म्हणजे "नेटवर्क इज डाउन", इंटरफेस खाली आहे, आधी आरएफकिल (रेडिओ बंद आहे का ते दाखवणारी कमांड) चालवून बघा की ब्लॉक आहे का, लॅपटॉपचं विमान-मोडचं बटण चुकून दाबलं गेलेलं असतं, आणि हार्ड ब्लॉक असेल तर तो कमांडने निघत नाही, बटणानेच काढावा लागतो. आयडब्ल्यूलिस्ट हा जुना स्कॅनचा प्रोग्राम आता सोडा, तो जुन्या पद्धतीने ड्रायव्हरशी बोलतो आणि गर्दीच्या जागी यादी मोठी झाली की अडखळतो.

आयडब्ल्यूच्या निकालात प्रत्येक नेटवर्कखाली "लास्ट सीन" म्हणून एक ओळ असते, किती मिलिसेकंदांपूर्वी हे ऐकलं ते. ही ओळ बहुतेक लोक वाचतच नाहीत आणि मला तर तीच सगळ्यात कामाची वाटते. समजा एका नेटवर्कखाली ८० मिलिसेकंद आहे आणि दुसऱ्याखाली २४००० आहे, तर दुसरं आत्ताच्या स्कॅनमध्ये ऐकूच आलेलं नाही, कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने, आधीचं सांभाळून ठेवलंय, साधारण ३० सेकंद ते ठेवतं आणि मग टाकतं. म्हणजे "आहे-नाही-आहे" असं उगवणारं नेटवर्क हे बऱ्याचदा कडेला असलेलं, जेमतेम ऐकू येणारं नेटवर्क असतं, त्यात गूढ काही नाही.

५ गिगाहर्ट्झचं नाव गायब होतं त्याची कारणं जरा खोलात सांगतो कारण इथेच लोक उगाच नवीन कार्ड विकत घेतात. स्कॅन दोन तऱ्हेचा असतो, एकात कार्ड हाक मारतं आणि राउटर उत्तर देतो, दुसऱ्यात कार्ड गप्प बसून राउटरचा बीकन, म्हणजे "मी इथे आहे" असा त्याचा संदेश, ऐकायची वाट बघतं. बीकन साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. ज्या चॅनलवर हाक मारायची परवानगी नाही तिथे कार्डाला तेवढं थांबावंच लागतं, आणि ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनल बहुतेक देशांत रडारसाठी राखीव नियमाखाली येतात, त्यांना डीएफएस म्हणतात, तिथे क्लायंटने, म्हणजे जोडणाऱ्या डिव्हाइसने, स्वतःहून बोलायचं नसतं. आता असे सोळाएक चॅनल, प्रत्येकावर शंभरावर मिलिसेकंद, मधे जोडलेल्या नेटवर्कचा डेटा सांभाळायला परत यायचं, अशात एखादा बीकन निसटला की त्या फेरीत ते नेटवर्क नाही. म्हणून एका स्कॅनवरून कधीच निष्कर्ष काढू नका, चार-पाच वेळा लागोपाठ घ्या.

राउटरच्या बाजूनेही तसंच. डीएफएस चॅनलवर सुरू होताना राउटरने आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकायचं असतं, रडार नाही ना याची खात्री करायला, आणि युरोपात हवामान रडारच्या चॅनलवर तर १० मिनिटं. राउटर रीस्टार्ट केला, २.४ चं नाव लगेच आलं आणि ५ चं आलं नाही म्हणून माणूस परत रीस्टार्ट करतो, की ती साठ सेकंदं पुन्हा पहिल्यापासून! मधेच रडारसारखं काही जाणवलं तर राउटरला तो चॅनल सोडून द्यावा लागतो आणि अर्धा तास तिकडे फिरकता येत नाही. तुमचं "मधूनच गायब" हे यातलंच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तपासायला सोपं आहे, राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झचा चॅनल ऑटोवरून काढून ३६ ला ठेवा आणि दोन-तीन दिवस बघा, गायब व्हायचं थांबलं तर कार्ड निर्दोष.

देशाची सेटिंगही बघा. लिनक्सवर आयडब्ल्यू रेग गेट ही कमांड दिल्यावर देशाच्या जागी ०० दिसलं तर कार्ड "देश माहीत नाही" अशा सावध अवस्थेत आहे, १२ आणि १३ चॅनलवर ते फक्त ऐकतं, ५ मध्येही बऱ्याच ठिकाणी हाक मारत नाही. अमेरिकेसाठी सेट केलेलं कार्ड असेल तर १२-१३ वरचं नेटवर्क सहसा दिसतच नाही. इंटेलची बरीच कार्डं देश तुमच्या सांगण्यावरून घेत नाहीत, आसपासच्या राउटरांचे बीकन ऐकून स्वतः ठरवतात, त्यामुळे बूट झाल्यावर पहिल्या स्कॅनमध्ये कमी आणि नंतरच्या स्कॅनमध्ये जास्त चॅनल असं होतं, ते बिघाडाचं लक्षण नाही. ६ गिगाहर्ट्झची गोष्ट निराळी, तिथे २० मेगाहर्ट्झचे ५९ चॅनल आहेत आणि क्लायंट ते सगळे धुंडाळत नाही, १५ ठरलेल्या चॅनलवर शोधतो किंवा २.४ आणि ५ च्या बीकनमध्ये "माझा शेजारी ६ मध्ये अमुक ठिकाणी आहे" असं लिहिलेलं वाचतो. राउटरवर फक्त ६ चालू ठेवून बाकी बंद केलं तर शोधायला वेळ लागणार हे गृहीत धरा.

सिग्नलच्या आकड्यांबद्दल एवढंच की विंडोजची टक्केवारी म्हणजे उणे १०० डीबीएमला (सिग्नलच्या ताकदीचं एकक) ० आणि उणे ५० ला १०० अशी सरळ रेषेत मांडणी आहे, त्यामुळे ६० टक्के म्हणजे उणे ७०. आणि दोन वेगळ्या कार्डांचे आकडे एकमेकांशी ताडू नका, एकाच कार्डाने दोन जागा ताडा.

आता पत्त्यांचं. मॅक ॲड्रेस ४८ बिटांचा, दोन-दोन आकड्यांच्या सहा जोड्या, आणि आकडा म्हणजे इथे ० ते ९ किंवा ए ते एफ. पहिल्या तीन जोड्या आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने कंपनीला दिलेल्या असतात असं सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते अर्धंच आहे, कारण छोट्या कंपन्यांना २८ किंवा ३६ बिटांचे तुकडेही दिले जातात, म्हणजे पहिल्या तीन जोड्या सारख्या असून कंपन्या वेगळ्या असू शकतात, जुनी यादी वापरणारं टूल तिथे चुकतं. शिवाय जी कंपनी दिसते ती बहुतेक वेळा आतल्या वायफाय मॉड्यूलची असते, वस्तूवर छापलेल्या ब्रँडची नसते. स्मार्ट बल्ब घेतला आणि यादीत एस्प्रेसिफ दिसलं तर घाबरायचं कारण नाही, चिप त्यांची आहे.

पण खरी मेख पहिल्या जोडीत आहे. पहिल्या जोडीचा दुसरा आकडा बघा. तो २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कंपनीने दिलेला नाही, डिव्हाइसने किंवा सॉफ्टवेअरने स्वतः बनवलेला आहे, अशा पत्त्याची कंपनी कुठल्याच यादीत सापडणार नाही, शोधूच नका. तो आकडा विषम (१, ३, ५, ७, ९, बी, डी, एफ) असेल तर तो एका डिव्हाइसचा पत्ता असूच शकत नाही, तो ग्रुपचा पत्ता, आणि हाताने मॅक ॲड्रेस बदलताना लोक असा आकडा टाकतात आणि मग "कॅनॉट असाइन" म्हणून एरर येते ती यामुळेच.

तुमच्या यादीतलं अनोळखी डिव्हाइस तुम्ही दिलेल्या वर्णनावरून अगदी स्वतः बनवलेल्या पत्त्याच्या गटातलं वाटतं. अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयओएस १४ पासून (२०२०) फोन प्रत्येक वायफाय नेटवर्कसाठी वेगळा बनवलेला पत्ता वापरतात आणि हे आपोआप चालू असतं. आयओएस १८ मध्ये तर "रोटेटिंग" असा पर्याय आहे, त्यात पत्ता साधारण दोन आठवड्यांनी बदलतो. म्हणजे घरातलाच फोन राउटरला नवा पाहुणा वाटतो. राउटरमध्ये मुलांच्या फोनसाठी वेळ लावलेली असते, एखाद्या डिव्हाइसला ठराविक आयपी दिलेला असतो, ते सगळं अशा वेळी निकामी होतं कारण राउटर पत्त्यावरून ओळखतो. उपाय एवढाच की तुमच्या स्वतःच्या नेटवर्कपुरतं फोनमध्ये "फिक्स्ड" किंवा "डिव्हाइसचा मॅक" निवडा, बाहेरच्या नेटवर्कवर मात्र बदलता पत्ता चालूच राहू द्या, ती सोय माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून आहे आणि ती मोलाची आहे. लिनक्सवर नेटवर्कमॅनेजर स्कॅन करताना वेगळा पत्ता लावतो आणि काही जुन्या यूएसबी अडॅप्टरना ते झेपत नाही, जोडायचा प्रयत्न सारखा फसत राहतो, अशा वेळी स्कॅनपुरतं रँडमायझेशन बंद करून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच सुटतं.

राउटरही असंच करतो. समजा त्याचा पत्ता ३सी ने सुरू होतो आणि तुम्ही गेस्ट नेटवर्क चालू केलं, तर त्याचा बीएसएसआयडी बऱ्याचदा ३ई ने सुरू झालेला दिसेल आणि पुढच्या पाच जोड्या जवळजवळ त्याच. ३सी मध्ये फक्त तो एक "स्वतः बनवलेला" बिट चढवला की ३ई होतं. काही राउटर शेवटची जोडी एकेकाने वाढवतात. म्हणून एकाच डब्याचे चार-पाच बीएसएसआयडी दिसणं साहजिक आहे, आणि नाव नसलेलं, तुमच्याच राउटरशी मिळताजुळता पत्ता असलेलं, जोरदार सिग्नलचं नेटवर्क दिसलं तर ते बहुधा तुमच्याच मेशच्या (अनेक डबे मिळून एक वायफाय) दोन डब्यांमधलं लपवलेलं जोडणीचं नेटवर्क असतं. एस्प्रेसिफच्या ईएसपी३२ चिपमध्ये तर ठरलेलंच आहे, मूळ पत्ता स्टेशनला, म्हणजे दुसऱ्या नेटवर्कला जोडणाऱ्या बाजूला, त्यात एक मिळवून ॲक्सेस पॉइंटला, दोन मिळवून ब्लूटूथला. वायफाय ७ च्या डिव्हाइसमध्ये प्रत्येक बँडच्या लिंकला वेगळा पत्ता आणि वर सगळ्या डिव्हाइसचा मिळून एक असतो, त्यामुळे स्कॅनरमध्ये एक आणि राउटरच्या यादीत दुसरा दिसला तर दोन्ही बरोबर असू शकतात.

एनमॅप नावाच्या टूलने नेटवर्क चाळताना पत्ते येत नाहीत ही तक्रार नेहमीची. पत्ता एआरपीतून येतो, म्हणून रूट किंवा ॲडमिन म्हणून चालवा आणि त्याच सेगमेंटमध्ये, म्हणजे राउटरच्या त्याच बाजूच्या नेटवर्कवर, असा, राउटरपलीकडच्या मशीनचा मॅक ॲड्रेस तुमच्यापर्यंत पोचतच नाही. व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा संगणक) नॅटवर, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या आतल्या नेटवर्कवर, असेल किंवा विंडोजच्या आतलं लिनक्स त्याच्या नेहमीच्या नॅटवर चालवत असाल तर तुम्ही खऱ्या नेटवर्कवर नाहीच आहात, आणि व्हर्च्युअल मशीनला लॅपटॉपचं वायफाय कार्ड वायफाय म्हणून दिसत नाही, साधं इथरनेट म्हणून दिसतं, तिथे स्कॅन करायचाच असेल तर यूएसबी अडॅप्टर आत द्यावा लागतो. गेस्ट नेटवर्कवर क्लायंट एकमेकांपासून तोडलेले असतात, तिथे फक्त राउटरच दिसणार. झोपलेले फोन पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, म्हणून परत चालवा.

आणि तीन-चार आयपींसमोर एकच मॅक ॲड्रेस दिसला तर लगेच हल्ला समजू नका, आधी रिपीटर आहे का बघा. वायफायच्या साध्या फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या पाकिटात, तीनच पत्त्यांना जागा असते, त्यामुळे क्लायंट म्हणून जोडलेला स्वस्त रिपीटर आपल्यामागच्या सगळ्या डिव्हाइसच्या जागी स्वतःचाच पत्ता लावतो. चार पत्त्यांची सोय असलेला रिपीटर किंवा मेश घेतला तर हे होत नाही. वायफायवर ब्रिज केलेल्या व्हर्च्युअल मशीनचंही हेच. उलट प्रकार, म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंना खरोखरच एक पत्ता, हा क्लोन केलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये आणि पत्ता नीट न भरलेल्या स्वस्त बोर्डांमध्ये आढळतो, दोन्ही एकाच वेळी चालू असले की आळीपाळीने नेट जातं, एक बंद केलं की दुसरं सुरळीत. एकाला हाताने पत्ता द्या, पहिली जोडी ०२ ठेवा म्हणजे कुठल्या कंपनीच्या पत्त्याशी टक्कर व्हायची नाही.

याद्या जुळवताना लिहिण्याच्या पद्धतीकडे लक्ष द्या. विंडोज मधे आडवी रेघ घालतं, लिनक्स विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके, काही स्विच चार-चार आकड्यांचे तीन गट करतात, आणि ॲपलच्या मशीनवर एआरपीची यादी काढली की जोडीतलं पुढचं शून्य गाळलं जातं, ०५ चं नुसतं ५ होतं. स्क्रिप्टने जसंच्या तसं ताडलं की जुळणारे पत्तेही वेगळे निघतात आणि तुम्हाला घुसखोर सापडल्यासारखं वाटतं.

तर तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन: राउटरच्या यादीतल्या त्या अनोळखी पत्त्याचा दुसरा आकडा बघा, तो २, ६, ए, ई पैकी असेल तर घरातल्या प्रत्येक फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन त्या नेटवर्कसाठीचा पत्ता वाचा आणि जुळवा. रोटेटिंगवाल्या फोनचा पत्ता मधल्या काळात बदललेला असू शकतो हे ध्यानात ठेवा, म्हणून यादीत ते डिव्हाइस चालू दिसत असतानाच जुळवा. नाहीच जुळला तर एकेक डिव्हाइस बंद करत यादीतून कोण जातं ते बघा. तरीही तो राहिलाच तर मॅक फिल्टर लावण्यात वेळ घालवू नका, फ्रेममधले पत्ते एन्क्रिप्ट होत नाहीत, कोणीही ऐकून नक्कल करू शकतो. वायफायचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, राउटरच्या ॲडमिनचा पासवर्डही बदला, आणि मग घरातली डिव्हाइसं एकेक करून परत जोडताना प्रत्येकाचा पत्ता नावासकट लिहून ठेवा.